विजेची रोजकीर्द

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संगणकांच्या भांडारघराविषयी एका कवीनं बोलावं, याचं काही जणांना नवल वाटेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यंत्राशी माझं नातं सायकलच्या पंक्चरपुरतं. पण गेली दोनेक वर्षं हा विषय माझा पिच्छा सोडत नाही, आणि त्याला कारण झाला एक शब्द. माझा भाचा पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. सुट्टीत घरी आला की त्याच्या बोलण्यात 'जर्नल' हा शब्द सारखा यायचा. "मामू, जर्नल एसएसडीवर हलवलं आणि सगळे सर्व्हर पळायला लागले." जर्नल म्हणजे विद्वानांचं नियतकालिक, एवढंच मला माहीत. त्याला खोदून खोदून विचारलं. त्यानं जे समजावलं ते ऐकून मी म्हणालो, "अरे, ही तर रोजकीर्द!"

ज्यांनी जुनी आडत दुकानं पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. दुकानात दोन मुख्य वह्या असत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होईल तो, ज्या क्रमानं होईल त्याच क्रमानं, रोजकीर्दीत उतरवायचा. अमक्यानं दोन पोती ज्वारी आणली, तमक्यानं उसनवारी फेडली. ओळीखाली ओळ. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला खोळंबून ठेवता येत नाही. दुकान आवरल्यावर मुनीमजी खतावणी उघडत आणि रोजकीर्दीतली एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवत. खतावणीत प्रत्येकाचं पान वेगळं, ते शोधायला वेळ लागतो, म्हणून ते काम निवांतपणीचं. आणि खतावणी लिहिताना मध्येच काही घोटाळा झाला, शाई सांडली, दिवा गेला, तरी रोजकीर्द शाबूत असे. तिच्यावरून सगळं पुन्हा मांडता येई. (जाता जाता सांगतो : रोज, कीर्द, दप्तर, नक्कल, शाई हे शब्द फारसी-अरबीकडून आले आणि मराठीत इतके मुरले की आता त्यांचं माहेर कुणी विचारत नाही.)

मोठमोठी संगणकीय भांडारं आजही याच रीतीनं चालतात. आधी कीर्द, मग खतावणी. फरक एवढाच की इथं दुकानदार एक नाही, हजारो यंत्रं मिळून एक दुकान चालवतात, आणि गिऱ्हाईक सेकंदाला लाखोंनी येतात.

यात तुमचा-आमचा संबंध काय, असं कुणी विचारील. तुम्ही मोबाइलवरून पैसे पाठवता. तहसीलच्या पायऱ्या न चढता सातबारा काढता. रक्ताचा अहवाल, रेल्वेचं तिकीट, मुलाचा परीक्षेचा अर्ज, सगळं पडद्यावर होतं. शेवटी पडद्यावर हिरव्या अक्षरांत काहीतरी उमटतं, ज्याचा अर्थ 'झालं' असा असतो, आणि आपण निर्धास्त होऊन फोन खिशात टाकतो. मला कुतूहल आहे ते या 'झालं'चं. हे कोण म्हणतं? कशाच्या जोरावर म्हणतं? शब्द हाच ज्याचा धंदा, त्याला हा प्रश्न पडणारच.

आधी खतावणी कशावर लिहितात ते पाहू. ती लिहितात हार्ड डिस्कवर, म्हणजे फिरत्या चकतीवर. १९५६ साली आयबीएम कंपनीनं 'रॅमॅक' नावाचं यंत्र आणलं. ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथं घडलं होतं. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एकीवर एक रचलेल्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती ५० लाख अक्षरं. चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत. आज मिळणारी हार्ड डिस्क तळहातावर राहते आणि तिच्यात २० टेराबाइट, म्हणजे अक्षरांच्या हिशेबात २० लाख कोटी अक्षरं सहज बसतात. साठवण ४० लाख पटींनी वाढली. आणि फिरण्याचा वेग? भांडारघरांत सर्रास वापरली जाणारी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. फक्त सहापट.

सगळी मेख इथंच आहे. गोदाम वाढत गेलं, दरवाजा मात्र तेवढाच राहिला.

चकतीवरचं एखादं अक्षर वाचायचं तर आधी एक बारीक दांडी सरकून योग्य वर्तुळावर जावी लागते. ग्रामोफोनच्या सुईची आठवण करा. मग ते अक्षर फिरत फिरत दांडीखाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद, सरासरी थांबणं ४ मिलिसेकंदांचं. दांडी सरकायला ८ धरा. झाले १२. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात, तेव्हा १२ म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. पण तेवढ्या वेळात आजच्या प्रोसेसरचं घड्याळ साडेतीन कोटींहून जास्त टिकटिक करून मोकळं होतं. अशी डिस्क सेकंदाला फार तर ८०-९० विखुरलेल्या नोंदी शोधू शकते. सलग वाचायला दिलं तर तीच डिस्क भराभर वाचते, त्यात ती कमी नाही. तिचा जीव जातो तो इकडचं पान, तिकडचं पान करण्यात. मुनीमजींचंही तेच होतं.

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हिच्यात फिरणारं काही नाही. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात कोंडून ठेवलेला विजेचा भार. भार आहे की नाही, किती आहे, यावरून अक्षर ठरतं. हव्या त्या कप्प्याशी साधारण एक दशांश मिलिसेकंदात पोचता येतं. तुलना अशी करा : एसएसडीला एखादी नोंद काढायला एक मिनिट लागलं, तर हार्ड डिस्कला दोन तास लागतील.

या स्मृतीचा जन्म जपानमधला. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या सुमारास तिची कल्पना मांडली. १९८४ साली ती जगापुढे आली, आणि आज सगळीकडे वापरात असलेला तिचा 'नँड' हा प्रकार १९८७ साली. नाव पडलं 'फ्लॅश'. तेही एका सहकाऱ्यानं सुचवलेलं. या स्मृतीतला मजकूर एका झटक्यात, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसा पुसला जातो, म्हणून फ्लॅश. म्हणजे बघा, स्मृतीचं बारसं झालं ते तिच्या विसरण्यावरून! कुठल्याही कवीला हेवा वाटावा असं हे नाव आहे. मासुओकांना या शोधाचं श्रेय आणि मोबदला मनासारखा मिळाला नाही. २००४ साली त्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला, २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. पुढे जे घडलं त्यामानानं ही रक्कम मला किरकोळ वाटते. याच स्मृतीच्या जोरावर उभी राहिलेली एक अमेरिकन कंपनी म्हणजे आजची सॅनडिस्क. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, कानपूरचे. तिनं १९९१ साली आयबीएमला पहिली एसएसडी दिली. साठवण २० मेगाबाइट, किंमत हजार डॉलरच्या आसपास.

मग सगळंच एसएसडीवर का ठेवत नाहीत? पैसा. स्वस्ताई येत गेली, तरी टेराबाइटमागे एसएसडी आजही हार्ड डिस्कपेक्षा कित्येक पट महाग पडते. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्रानं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की त्यांच्या डिस्क-भांडारानं दहा लाख टेराबाइटचा टप्पा ओलांडला. उपकरणं १ लाख ११ हजार. त्यातल्या बहुतेक हार्ड डिस्कच. एसएसडीचा वाटा वाढतोय, पण अजून थोडा. जिथं पैशाचं पाठबळ आहे तिथं ही गत, तर बाकीच्यांनी काय करावं?

त्यांनी रोजकीर्द तेवढी एसएसडीवर ठेवली. माझ्या मते या सगळ्या कथेतली शहाणपणाची जागा ही. पण ती नीट कळायला या यंत्रांची एकत्र राहण्याची रीत थोडी सांगावी लागेल.

यंत्र आज ना उद्या बंद पडणार, हे गृहीत धरून ही भांडारं बांधतात. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००३ साली आपल्या भांडाराची रचना जाहीर केली. मजकुराचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या यंत्रांवर ठेवायच्या, आणि कुठला तुकडा कुठं आहे याची यादी एका मुख्य यंत्राकडे. पुढं २००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतल्या सेज वाइल या संशोधक विद्यार्थ्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सेफ' नावाची रचना मांडली. नाव ऐकून 'सुरक्षित' असा अर्थ मनात येतो, पण ते आलंय ऑक्टोपसच्या कुळाच्या शास्त्रीय नावावरून. ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात. प्रत्येक हाताला स्वतःची अक्कल. सेफचंही तसंच. मुख्य यादी नाहीच. मजकुराच्या नावावरून एक ठरलेलं गणित करायचं, की तो कुठल्या तीन डिस्कवर आहे ते कळतं. कुणाला विचारायला नको. सर्नमध्ये २०१३ पासून सेफ वापरात आहे. हा कार्यक्रम कुणालाही फुकट घेता येतो, त्यामुळे माझ्या भाच्यासारखे लोक तो पुण्यातही चालवतात.

आता 'झालं' या शब्दाकडे या. तुम्ही एक नोंद पाठवली. ती आधी तिघांपैकी म्होरक्या डिस्ककडे जाते. म्होरक्या तिची प्रत दुसऱ्या दोघांना पाठवतो. तिघांनी आपापल्या रोजकीर्दीत ती उतरवली की मगच म्होरक्या तुम्हाला कळवतो, झालं. दोघांनी लिहिलं आणि तिसरा अजून दांडी सरकवतोय, तर तुम्ही थांबायचं. तिघांत जो सर्वांत संथ, त्याच्या चालीनं सगळी वरात चालते.

आणि पूर्वी रोजकीर्द नि खतावणी दोन्ही एकाच फिरत्या चकतीवर असायच्या. म्हणजे प्रत्येक अक्षर दोनदा लिहायचं, तेही एकाच दांडीनं. आता कीर्दीकडे, आता खातीकडे, पुन्हा कीर्दीकडे. मुनीम एक, मेज दोन, आणि दोन मेजांमध्ये दुकानाची अख्खी लांबी. दांडीचा निम्मा जन्म पळापळीत जाई. कीर्द उचलून एसएसडीवर ठेवली आणि ही धावपळ थांबली. नोंद आली की ती एसएसडीवर क्षणार्धात उतरते, तिघांचा होकार येतो, गिऱ्हाईक मोकळं. चकती मग आपल्या सवडीनं खतावणी लिहीत बसते. एका एसएसडीवर चार-पाच डिस्कच्या कीर्दी ठेवायच्या, असा दंडक पडला. २० डिस्कच्या सर्व्हरला चार एसएसडी पुरल्या. थोड्या महाग वस्तूनं पुष्कळ स्वस्त वस्तूंना चाल दिली.

२०१७ साली सेफची लिहिण्याची रीत बदलली. मोठा मजकूर दोनदा लिहिण्याचा खटाटोप बंद झाला, तो थेट चकतीवर एकदाच जाऊ लागला. छोट्या नोंदींची कीर्द आणि 'कुठलं पान कुठं' याची सूची मात्र एसएसडीवर ठेवण्याची रीत तशीच राहिली. जुनी पद्धत २०२३च्या आवृत्तीतून काढूनच टाकली. तपशील बदलले, कीर्द राहिली.

इथवर सगळं गोड आहे. पण मी भाच्याला विचारलं, "तुझी एसएसडी 'लिहिलं' म्हणते, तेव्हा तिनं खरंच लिहिलेलं असतं का?" तो जरा थांबला. म्हणाला, "मामू, ते कुठली घेतली त्यावर आहे."

गोष्ट अशी की बहुतेक एसएसडींच्या पोटात आणखी एक छोटी, फार चपळ स्मृती असते. आलेला मजकूर आधी तिथं थांबतो, मग पक्क्या कप्प्यांत जातो. वीज आहे तोवर ठीक. वीज गेली की या छोट्या स्मृतीतलं सगळं विरून जातं. सर्व्हरसाठी बनवलेल्या चांगल्या एसएसडीत म्हणून काही कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावर काही क्षण पुरेल एवढा भार ते धरून ठेवतात, आणि तेवढ्यात पोटातला मजकूर पक्क्या जागी लिहून होतो. ती बिनदिक्कत 'लिहिलं' म्हणू शकते, कारण वीज गेली तरी शब्द पाळण्याची सोय तिच्यापाशी आहे. घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडीत ही सोय सहसा नसते. मग एक तर ती दर वेळी पक्कं लिहून होईपर्यंत थांबवते आणि सगळा वेग गमावते, नाही तर न लिहिताच होकार देते. आपल्याकडे भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली, त्यांना या दुसऱ्या प्रकाराचा धोका समजावून सांगायची गरज नाही.

हे केवळ तर्क नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आणि एचपीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१३ साली पाच कंपन्यांच्या १५ एसएसडी घेतल्या आणि त्या लिहीत असताना पुन्हा पुन्हा त्यांची वीज तोडली. १५ पैकी १३ जणींनी काही ना काही गडबड केली. कुठं अक्षरं बिघडली, कुठं नोंद अर्धीच लिहिलेली, कुठं नंतरची नोंद आहे पण आधीची गायब. कुणी कायमची निकामी झाली. रोजकीर्दीत आधीची ओळ कोरी आणि नंतरची भरलेली सापडली, तर मुनीमजींनी काय समजायचं?

तीन प्रती आहेत ना, मग काळजी कशाची, असं म्हणता येईल. इथं मला एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. माझं आडनाव माझ्या तीन सरकारी कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलंय. आमच्या समाजात हे घरोघरी आहे. लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. एका कचेरीत मला विचारलं, "यातलं खरं कुठलं?" मी म्हणालो, "साहेब, मी समोर उभा आहे." ते म्हणाले, "तुम्ही नको, कागद सांगा." तीन प्रती असणं आणि तिन्ही जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या खिडकीसमोर उभं राहून शिकलोय.

म्हणून ही भांडारं आपल्या प्रती सतत ताडून पाहतात. सेफमध्ये वरवरची तपासणी रोज होते, आणि अक्षर न अक्षर वाचून करायची आठवड्याला. हे ऐकल्यावर मला रमजानमधल्या तरावीहच्या नमाजाची आठवण झाली. इमामाच्या जागी उभा असलेला हाफिज महिनाभरात अख्खं कुरआन तोंडपाठ म्हणतो. त्याच्या मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज असतो. त्याला सामे म्हणतात, म्हणजे ऐकणारा. पुढच्याचा एक शब्द घसरला की मागचा तिथल्या तिथं बरोबर शब्द पुरवतो. याला म्हणतात लुकमा देणं. लुकमा म्हणजे घास. चूक काढली असं म्हणत नाहीत, घास दिला म्हणतात. शेकडो वर्षं हे पाठांतर याच रीतीनं पारखलं जातंय.

पण दोन प्रतींत फरक निघाला तर खरी कुठली? जुन्या सेफमध्ये हा पेच होताच. दुरुस्ती करताना म्होरक्याची प्रत खरी मानली जाण्याची शक्यता असे, मग ती बिघडलेली का असेना. कचेरीतल्या खिडकीसारखंच म्हणा. नव्या रीतीत प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या अक्षरांवरून काढलेली एक पडताळा-संख्या लिहून ठेवतात. अक्षर बदललं की संख्या जुळत नाही, आणि कुठली प्रत बिघडली ते तिचं तिलाच कळतं. ही सोय माझ्या आडनावाला मिळाली असती तर बरे हेलपाटे वाचले असते.

आता झिजण्याविषयी. एसएसडीच्या कप्प्यात लिहायचं तर आधी तो पुसावा लागतो, आणि एकटा कप्पा पुसता येत नाही. शेजारपाजारचा अख्खा मोहल्ला एकदम पुसावा लागतो. दर पुसण्यागणिक कप्प्याची भिंत थोडी झिजते. पूर्वीच्या महागड्या प्रकारात एक कप्पा लाखभर वेळा पुसता येई. एका कप्प्यात तीन-तीन बिटं कोंबणाऱ्या आजच्या स्वस्त प्रकारात ही मजल एक ते तीन हजारांच्या आसपास येते. वाचून ती झिजते म्हणाल तर नगण्य. झिजते ती लिहून. (आणि खूप झिजलेली एसएसडी विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू गळतो. लग्नाचे फोटो जुन्या एसएसडीत घालून ट्रंकेत ठेवू नका, एवढं मात्र जरूर सांगेन.)

आता रोजकीर्द आठवा. दुकानातली सर्वांत जास्त लिहिली जाणारी वही तीच. पाच डिस्कचं लिखाण एका एसएसडीतून जातं, म्हणजे ती पाचपट झिजते. आणि तिनं मान टाकली की तिच्या भरवशावरच्या पाचही डिस्क एकदम बाद होतात. चकत्या धडधाकट असतात, पण कीर्दच गेल्यावर त्यांच्या खतावणीवर विश्वास कुणी ठेवायचा? मग पाच डिस्कचा मजकूर इतर यंत्रांवरून नव्यानं उभा करायचा. ज्या वस्तूनं वेग दिला, तिनंच पाच जणांचं दैव एका दोरीला बांधलं. एका एसएसडीवर चार-पाचच कीर्दी का, दहा-वीस का नाहीत, याचं अर्धं उत्तर इथं आहे. भाचा म्हणतो, पैसे वाचवायला लोक इथंच हात आखडता घेतात, आणि नंतर रात्री-बेरात्री आम्हाला फोन येतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या कंपनीनं आपल्या ग्राहकांना एक नोटीस दिली. तिच्या सर्व्हरमध्ये बसणाऱ्या काही एसएसडींच्या अंतर्गत कार्यक्रमात दोष होता. चालू राहण्याचे ३२,७६८ तास पूर्ण होताच त्या बंद पडणार होत्या; एसएसडीही गेली, आतला मजकूरही गेला, परत मिळणं नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. संगणकवाल्यांना हा आकडा बघताच मर्म कळतं, कारण एका छोट्या मोजणी-चौकटीत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्याच्यापुढं मोजणी ओसंडते. उपाय होता, वेळ भरण्याआधी अंतर्गत कार्यक्रम बदलायचा. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही एसएसडींबद्दल अशीच नोटीस आली, तिथं मुदत होती ४०,००० तासांची.

नोटिशीतलं एक वाक्य माझ्या भाच्यानं मला मुद्दाम समजावलं. ज्या एसएसडी एकाच वेळी चालू केल्या, त्या जवळजवळ एकाच वेळी बंद पडतील. तीन प्रतींची सगळी इमारत एका समजुतीवर उभी असते की तिघांचं मरण वेगवेगळ्या दिवशी येईल. म्हणून प्रती निरनिराळ्या सर्व्हरमध्ये, निरनिराळ्या कपाटांत, निरनिराळ्या वीजजोडणीवर ठेवतात. सेफचं गणित हे सगळं सांभाळतं. पण तिन्ही एसएसडी एकाच खोक्यातून आल्या आणि एकाच सकाळी एकाच बोटानं चालू झाल्या, तर? जागा वेगळ्या, घटका तीच. हे त्या गणिताला कुणी सांगितलेलंच नसतं. माणसालाच लक्षात ठेवावं लागतं.

त्या वेळी पुण्यात ही बातमी पोचल्यावर भाच्यानं दोन रात्री जागून आपल्याकडच्या सगळ्या एसएसडींची यादी केली. त्यातली एकही त्या जातीची निघाली नाही. तरी पुढच्या खरेदीला त्यानं हट्ट धरला की माल दोन कंपन्यांचा घ्यायचा आणि एकदम सगळा चालू करायचा नाही, आठवड्या-आठवड्याच्या अंतरानं करायचा. हिशेबनीस चिडले. एकगठ्ठा घेतला तर भाव कमी पडतो, मग एकच वस्तू दोन दुकानांतून कशासाठी? बरीच पत्रापत्री झाली. अखेर अर्ध्या एकीच्या, अर्ध्या दुसरीच्या आल्या. मागे तो मला आपली भांडार-खोली दाखवायला घेऊन गेला होता. थंडगार, पंख्यांच्या आवाजानं भरलेली. यंत्रांवर बारीक दिवे लुकलुकत होते, आणि प्रत्येक एसएसडीच्या दर्शनी पट्टीवर, ती कोणत्या दिवशी चालू झाली ती तारीख त्यानं काळ्या मार्करनं स्वतःच्या हातानं लिहिलेली होती.